१२७ दात्यांचा गिअर : खामगावचा कापूस, मँचेस्टरचे आटे आणि जुना लेथ

१/
मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर पट्ट्यातील ही गावे इतिहासाच्या पुस्तकांत कापसाच्या निमित्ताने येतात. कापसाचे व्यापारी, रेल्वेमार्ग, भेटीस आलेले व्हाइसरॉय या साऱ्यांची नोंद आढळते. जिनिंग कारखान्याच्या आवारातील दुरुस्तीच्या खोलीत उभ्या असलेल्या यंत्राची नोंद मात्र सहसा कोणी ठेवली नाही. ते यंत्र म्हणजे लेथ. आजचा धागा त्याच्याविषयी आहे : लेथ येथे का लागला, त्याचे सुटे भाग कोठून आले, आणि असा जुना लेथ पुन्हा चालता करताना इतिहासाचा कोणता पुरावा हाती लागतो.

२/
प्रथम यंत्राची ओळख. लेथमध्ये लोखंडाचा तुकडा चकमध्ये घट्ट धरून फिरवला जातो आणि हत्यार त्याच्या अंगावरून सरकत त्याला हव्या त्या आकारात कातते. शाफ्ट, बुश, पुली, बोल्ट हे सारे असे तयार होते. लेथचे वेगळेपण यात की तो इतर यंत्रांचे भाग तर घडवतोच, शिवाय स्वतःचेही बहुतेक गोलाकार भाग घडवू शकतो. ज्या गावात एक चांगला लेथ आणि तो जाणणारा टर्नर असेल, त्या गावाला मोडलेल्या प्रत्येक भागासाठी बाहेर पत्र पाठवण्याची गरज उरत नाही.

३/
मळसूत्राची कल्पना वऱ्हाडाला नवी नव्हती. कापसातून सरकी वेगळी करणारी भारतीय हातचरकी आठवावी. तिच्या दोन लाटांच्या टोकांशी लाकडात मळसूत्रे कोरलेली असत आणि ती एकमेकांत गुंतलेली असत. हाताने एक लाट फिरवली की दुसरी उलट दिशेने फिरे. मधल्या फटीतून रुई पलीकडे जाई, सरकी अलीकडे पडे. हे मळसूत्र सुतार हाताने, नजरेच्या अंदाजाने कोरत असे. चरकी मोडली तर त्याच गावात, त्याच हाताने दुरुस्त होई. सुट्या भागांचा प्रश्न तोपर्यंत उद्भवलाच नव्हता.

४/
तो उद्भवला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या कच्च्या मालासाठी हिंदुस्थानकडे वळल्या. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पूर्वेकडे सरकला आणि १८६७ साली नागपुरास पोहोचला. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराशी लोखंडी रुळांनी जोडला गेला.

५/
खामगाव मात्र मुख्य मार्गापासून दूर राहिले. म्हणून जलंब ते खामगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा केवळ तेथील कापूस बाजारासाठी बांधण्यात आला. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. चारच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला होता. खामगावची गाठ आता आफ्रिकेला वळसा न घालता लिव्हरपूलला जाऊ शकत होती. जाता जाता एक सूचना : खामगाव तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. त्या आधीची कागदपत्रे शोधणाऱ्याने ती अकोल्याच्या दप्तरात पाहावीत.

६/
गाठी त्या वाटेने गेल्या आणि त्याच वाटेने यंत्रे आली. अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने १८४० साली पेटंट घेतलेल्या रोलर जिनचे सुधारलेले रूप ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही कंपनी बनवीत असे. या जिनमध्ये चामड्याचा रोलर तंतू ओढून घेतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते आणि हलती सुरी ती झटकून टाकते. तत्त्व सोपे, परंतु झीज अखंड. चामडे घासते, सुरीची धार जाते, शाफ्ट बेअरिंगमध्ये खातो, बोल्ट हादऱ्याने ढिले होतात. हातचरकी लाकडाची होती. जिन बिडाचा आणि पोलादाचा. गावच्या सुताराच्या आवाक्याबाहेरचा.

७/
जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि उन्हाळा तापेपर्यंत चाले. या काही महिन्यांत वाफेच्या इंजिनाचा एक शाफ्ट जरी मोडला, तरी त्यावर पट्ट्यांनी चालणारी जिनांची सारी रांग थांबे. बाहेर कापसाच्या बैलगाड्या उभ्या. नवा शाफ्ट ओल्डहॅमहून मागवायचा तर पत्र, जहाज, मुंबई बंदर, रेल्वे या क्रमाने हंगाम उलटून जाई. म्हणून इंजिनाच्याच मुख्य शाफ्टवरून एक पट्टा काढून त्यावर लेथ चालवणे हे जिनवाल्यासाठी चैनीचे नव्हे, गरजेचे होते. कीथली, हॅलिफॅक्स, मँचेस्टर ही इंग्लंडमधील लेथ घडवणारी गावे अशा रीतीने कापसाच्या प्रदेशांशी जोडली गेली.

८/
येथे मँचेस्टरची दुसरी बाजू पाहावी लागते. जोसेफ व्हिटवर्थ हा लंडनच्या हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात तयार झालेला कारागीर. आटे पाडणारा अचूक लेथ अठराव्या शतकाच्या अखेरीस मॉड्स्लेनेच सिद्ध केला होता. व्हिटवर्थने १८३३ साली मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. तोवर प्रत्येक कारखान्याचे बोल्ट वेगळे असत, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. १८४१ साली त्याने सर्वांसाठी एकच प्रमाण सुचवले : आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे. पाव इंचाच्या बोल्टला २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८.

९/
ब्रिटिश यंत्र जेथे गेले तेथे हे प्रमाण गेले. खामगावचा कापूस ज्या परिसरातील गिरण्यांत पोहोचत होता, त्याच परिसरातून खामगावच्या प्रत्येक जिनचा आटा ठरून येत होता. हे दास्य होते की सोय? दोन्ही. प्रमाण परक्याचे होते, पण ते एकच आणि सर्वांना ठाऊक असल्यामुळे खामगावच्या टर्नरने पाडलेला अर्धा इंची आटा ओल्डहॅमच्या नटवर बरोबर बसत असे. ज्या नियमाने परावलंबन आले, त्याच नियमाने गावातल्या गावात सुटा भाग घडवणेही शक्य केले.

१०/
हा आटा लेथवर पडतो कसा? लेथच्या समोरच्या अंगाला एक लांब मळसूत्र असते, त्याला लीडस्क्रू म्हणतात. समजा त्यावर इंचामागे ४ आटे आहेत. इंचामागे १२ आटे पाडायचे तर लीडस्क्रू कामाच्या एक तृतीयांश वेगाने फिरायला हवा. म्हणून स्पिंडलच्या बाजूला २० दात्यांचा आणि लीडस्क्रूवर ६० दात्यांचा गिअर चढवतात, मधला गिअर केवळ जोड देतो. आटा बदलला की गिअर बदलायचे. यासाठी लेथबरोबर २० पासून १२० पर्यंत पाच-पाचच्या पायरीने वाढणाऱ्या दात्यांच्या गिअरांचा संच देण्याची पद्धत होती. हा संच म्हणजे लेथची बाराखडी.

११/
दुसऱ्या महायुद्धाने परदेशी यंत्रांची वाट अरुंद केली. १९४१ साली सरकारने मशीन टूल्सच्या व्यवहारावर नियंत्रणाचा हुकूम काढला. त्याच वर्षी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही लेथ बनवणारी कंपनी उभी राहिली. तिच्यामागे लक्ष्मणराव किर्लोस्करांची परंपरा होती. बेळगावात सायकलींपासून आरंभ, मग लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरानंतर लेथ येणे हा योगायोग नव्हता. नांगराचा फाळ झिजतो, नट हरवतो, भाग लागतात. शेतीची अवजारे विकणाऱ्यास आज ना उद्या यंत्रे घडवणाऱ्या यंत्रापर्यंत यावेच लागते.

१२/
स्वातंत्र्यानंतर स्वित्झर्लंडच्या ओरलिकॉन कंपनीच्या सहकार्याने १९५३ साली बंगळुरूला हिंदुस्थान मशीन टूल्स उभे राहिले. दुसरीकडे पंजाबात बटाला आणि सौराष्ट्रात राजकोट येथील लहान कारखान्यांनी जुन्या इंग्रजी धाटणीचे, पट्ट्यावर चालणारे लेथ स्वस्तात बनवले. जिल्ह्याच्या गावांतील वर्कशॉपना हेच परवडले. त्यामुळे आज एखादा जुना लेथ पाहून तो इंग्रजीच आहे असे समजणे घाईचे ठरते. बिडावरील अक्षरे, हँडलची ठेवण, लीडस्क्रूचे माप हे सारे तपासल्यावरच त्याचे कूळ ठरते.

१३/
मग मापच बदलले. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून देशात मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. दुकानातील वजने बदलणे तुलनेने सोपे होते. लेथचा लीडस्क्रू मात्र इंचातच जगत राहिला. इंची लेथवर मिलिमीटरचा आटा कसा पाडायचा? उत्तर एका संख्येत आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्यास ५ ने गुणले की पूर्णांक मिळतो : १२७. इंचामागे ४ आट्यांचा लीडस्क्रू एका फेरीत ६.३५ मिलिमीटर सरकतो. स्पिंडलवर ३० आणि लीडस्क्रूवर १२७ दाते लावले, तर आटा नेमका १.५ मिलिमीटरचा पडतो. कोणतीही तडजोड नाही.

१४/
म्हणून १२७ दात्यांचा गिअर हा त्या संक्रमणाचा सर्वांत बोलका अवशेष. इंचाच्या जगातून मिलिमीटरच्या जगात जाण्याचा तो पूल आहे. ज्यांच्याजवळ तो नव्हता ते ४७ आणि ३७ दात्यांची जोडी वापरू शकत. ४७ भागिले ३७ म्हणजे १.२७०२७, हवे असते १.२७. दहा हजारांत जेमतेम दोनचा फरक. शंभर मिलिमीटर लांबीत चूक ०.०२ मिलिमीटर, साध्या बोल्टला ती जाणवतही नाही. जुन्या लेथसोबत असे विजोड गिअर सापडले, तर ते भलत्याच यंत्राचे समजून टाकून देऊ नयेत. कोणा टर्नरने काढलेली ती मेट्रिकची वाट असू शकते.

१५/
आता वर्तमान. लीडस्क्रू, चक, गिअर भंगारात किलोच्या भावाने जातात. लेथ जड असतो, तो हलवायला वेळ लागतो. सुटा असलेला गिअरांचा संच आधी नाहीसा होतो. उरतो तो बाराखडी हरवलेला लेथ : गोल कातू शकणारा, पण आटे पाडू न शकणारा. मूळ कंपनीकडे मागणी करावी, तर अनेक कंपन्याच उरलेल्या नाहीत. म्हैसूर किर्लोस्करही एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. म्हणजे देशी लेथच्या सुट्या भागांचा प्रश्नही आज तोच आहे, जो कधी ओल्डहॅमच्या जिनचा होता.

१६/
अशा लेथचे पुनरुज्जीवन रंगाच्या डब्याने सुरू करू नये. आरंभ नोंदीने व्हावा. प्रत्येक बाजूचे छायाचित्र, बिडावरील अक्षरे, प्रत्येक गिअरचे दाते, लीडस्क्रूचे आटे, आणि भाग सोडवताना त्यांचा क्रम. मग रॉकेल आणि ब्रशने जुने वंगण काढावे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. गंजलेल्या बोल्टला घाई सोसत नाही. पातळ तेल सोडून दिवसभर थांबावे, थोडी उष्णता द्यावी. व्हिटवर्थ आट्याच्या जागी मेट्रिक बोल्ट ठोकून बसवणे हा सर्वांत मोठा प्रमाद. अर्धा इंची आट्यातील अंतर २.११७ मिलिमीटर, १२ मिलिमीटरच्या बोल्टचे १.७५. बळाने घातला की बिडातील मूळ आटा कायमचा जातो.

१७/
नंतर बेड, म्हणजे ज्या पट्ट्यांवरून हत्याराचा गाडा सरकतो ते अंग. टर्नरचे बहुतेक काम चकजवळ होते, म्हणून झीज तेथेच अधिक. अशा बेडवर लांब शाफ्ट काता, तो एका टोकाला जाड येतो. उपाय हाताचा : सपाट पृष्ठावर निळा रंग लावून ते बेडवर टेकवायचे, जेथे रंग उमटेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा टेकवायचे. मूळ सपाट पृष्ठ कोठून आणायचे, याचे उत्तर व्हिटवर्थने १८४० साली मांडले होते. दोन पृष्ठे एकमेकांशी जुळवली, तर एक फुगीर आणि दुसरे खोलगट होऊनही जुळू शकतात. तीन पृष्ठे आळीपाळीने जुळवली, तर तिन्ही सपाट झाल्याशिवाय सुटका नाही.

१८/
लीडस्क्रूही चकजवळच झिजतो. सगळ्यात सोपा मोह म्हणजे बाजारात मिळणारा ६ मिलिमीटर अंतराचा मेट्रिक स्क्रू बसवणे. जाडी जुळते, तो फिरतोही, पण तो खोटे बोलतो. ६.३५ ऐवजी ६, म्हणजे साडेपाच टक्क्यांची चूक. गिअरच्या तक्त्याप्रमाणे इंचामागे १२ आटे पाडायला जावे, तर २.११७ ऐवजी नेमके २ मिलिमीटरचे आटे पडतात आणि नट दोन-चार फेऱ्यांत अडकतो. जुन्या कारागिरांची युक्ती वेगळी : तोच स्क्रू उलटा करायचा, दोन्ही टोके नव्याने कातायची, म्हणजे न झिजलेला भाग चकजवळ येतो. त्यावर चालणारा हाफ-नट मात्र गनमेटलमध्ये नवा घडवावा लागतो, तोही दुसऱ्या लेथवर.

१९/
हरवलेला गिअर घडवणे हे स्वतंत्र प्रकरण. आधी लाकडी फर्मा. बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसते, म्हणून फर्मा तेवढा मोठा. मग ओतकाम, मग दाते. इंची गिअरांचे दाते डायमेट्रल पिचवर, मेट्रिकचे मॉड्यूलवर मोजतात. १० पिच म्हणजे २.५४ मॉड्यूल. बाजारातील अडीच मॉड्यूलचा गिअर जवळजवळ जुळतो, आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच दाते आवाज करीत झिजतात. त्यातही १२७ ही मूळ संख्या आहे. दाते पाडताना वर्तुळ विभागणाऱ्या डिव्हायडिंग हेडच्या नेहमीच्या छिद्रांच्या तबकड्यांवर १२७ समान भाग पडत नाहीत. त्यासाठी हेडलाच जादा गिअर जोडून विभागणी करावी लागते. गिअर घडवायला पुन्हा गिअरच लागतात.

२०/
या कामात जुनी दुरुस्ती दिसली, तर ती पुसू नये. एखाद्या गिअरचा मोडलेला दाता काढून त्याजागी ओळीने पोलादी खुंट्या बसवून, कानशीने दात्याचा आकार दिलेला आढळतो. एखादे हँडल दुसऱ्याच यंत्राचे असते. संग्रहालयाच्या दृष्टीने हे दोष, इतिहासाच्या दृष्टीने पुरावा. कापूस बाजाराच्या दप्तरात गाठींची संख्या आहे, रेल्वेच्या दप्तरात वाहतुकीची. हंगामाच्या मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात दाता घासून बसवणाऱ्या फिटरचे नाव कोठेच नाही. त्याने घासलेला दाता मात्र आहे. नवा भाग बसवलाच तर त्यावर बारीक अक्षरांत वर्ष कोरावे आणि काढलेला जुना भाग चिठ्ठी बांधून जपावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला खरे काय आणि नवे काय हे कळेल.

२१/
हातचरकीचे लाकडी मळसूत्र गावचा सुतार कोरत होता. जिनच्या काळात ते मँचेस्टरच्या मापात गेले, मग दुरुस्तीच्या खोलीत पुन्हा गावातल्या हाताकडे आले, आणि १९५६ नंतर त्याच हातांनी ते मिलिमीटरमध्ये उतरवले. वऱ्हाडच्या औद्योगिक इतिहासातील ही साखळी पुस्तकात शोधून सापडणे अवघड आहे. ती एखाद्या बंद वर्कशॉपच्या कोपऱ्यात, लाकडी खोक्यात, तेलाने काळ्या झालेल्या गिअरांत पडून असेल. असे खोके दृष्टीस पडले तर त्यातील प्रत्येक गिअरचे दाते मोजावेत. एखाद्यावर १२७ भरले, तर ते खोके भंगाराच्या काट्यावर चढण्यापूर्वी थांबवावे.